शून्य चौरस फुटांची पाटी

एकशे बारा फ्लॅट, व्यायामशाळा धरून सव्वीस दुकानं, दोन मजले ऑफिसं आणि गच्चीवर कुणीही न पोहणारा एक तलाव, एवढं सगळं एकाच कुंपणात कोंबलं की त्याला पालिकेच्या भाषेत ‘संमिश्र वापराचं विशाल संकुल’ म्हणतात. अशा संकुलात पाटी ही पाटी राहत नाही, ती ‘दृश्य हस्तक्षेप’ होते. हस्तक्षेप म्हटला की परवानगी आली, परवानगी म्हटली की नियमावली आली, आणि नियमावली आली की तिच्यामागून टेप घेऊन इंचसाहेब आले.

पण इंचसाहेबांच्या आधी आत्या.

आत्या रफू करायची. कोटाला सिगारेटचं भोक पडो, शालीला उंदीर लागो, पँट खिळ्याला अडकून टरकन फाटो, आत्या त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून धागा उपसायची आणि भोक असं बुजवायची की नंतर ते मालकालाच सापडायचं नाही. एक जण तर भांडायला आला होता की हा कोट माझा नव्हेच, माझ्या कोटाला भोक होतं. भावाची पोरं तिला आत्या म्हणायची, म्हणून गल्ली म्हणायला लागली, मग पोस्टमन, मग बँकेतला शिपाई. तिचं खरं नाव आता फक्त सरकारी कागदांना माहीत होतं आणि तेही ते चुकीचं लिहायचे.

बावीस वर्षं तिचं दुकान रस्त्याच्या कोपऱ्यावर होतं. मग ती सगळी रांग पाडली, तिथं संकुल उभं राहिलं आणि आत्याला बदल्यात ‘समतुल्य गाळा’ मिळाला. समतुल्य म्हणजे जुन्यालाही चार भिंती होत्या, यालाही चार भिंती. गाळा ग-१४. मुख्य दारातून आत यायचं, लिफ्टच्या डावीकडे वळायचं, पंपाची खोली ओलांडायची, आगीच्या पाइपाशी उजवीकडे, आणि जिथं माणसाला वाटतं की आपण चुकलो, तिथून अजून बारा पावलं. दारासमोर भिंत. शेजारी पंप. पंप सुरू झाला की सुई हातात नुसती धरली तरी चार टाके पडायचे.

करारात एक कलम होतं. सहा महिन्यांत दोन तपासण्यांना गाळ्यात एकही गिऱ्हाईक आढळलं नाही, तर गाळा ‘निष्क्रिय’ आणि ताबा संकुलाच्या व्यवस्थापनाकडे. व्यवस्थापन म्हणजे मॅनेजर. मॅनेजरला रहिवाशांची पार्सलं ठेवायला जागा हवी होती आणि त्याचा डोळा ग-१४ वर होता. पहिल्या आठवड्यात तो एक खोकं घेऊन आला आणि म्हणाला, जरा ठेवतो, संध्याकाळी नेतो. दुसऱ्या आठवड्यात चार खोकी होती. तिसऱ्या आठवड्यात आत्याला आपल्याच शिलाई मशीनपर्यंत पोचायला खोकी सरकवावी लागायची.

गिऱ्हाइकं यायची नाहीत असं नाही. ती संकुलापर्यंत यायची. फाटका कोट हातावर टाकून कुंपणाभोवती दोन चकरा मारायची, मग वॉचमनला विचारायची. वॉचमन नवा होता आणि संकुलाचा त्याला अभिमान होता. तो म्हणायचा, इथं फाटकं काही नसतं. माणसं निघून जायची. पहिली तपासणी झाली तेव्हा गाळ्यात आत्या, अकरा खोकी आणि एक पाल होती. पाल गिऱ्हाइकात धरत नाहीत.

तेव्हा आत्याने भावाला बोलावलं. भाऊ धाकटा, पाट्या रंगवणारा, त्याला घरदार पेंटरच म्हणायचं. त्याने दोन बाय तीनच्या पत्र्यावर लाल रंगात झकास लिहिलं: रफू, आल्टर, चेन बदलून मिळेल, आत या. खाली एक लांबलचक बाण काढला, तो तीनदा वळत होता. पाटी फाटकाच्या खांबावर लागली आणि चाळीस मिनिटं टिकली.

इंचसाहेब म्हणजे पालिकेचे फलक निरीक्षक. पालिकेचं ऑफिस रस्त्यापलीकडे, बरोब्बर समोर, त्यामुळे त्यांना चालायचे कष्ट नव्हते. त्यांच्या कोटाच्या खिशात कायम पोलादी टेप असायची आणि बोलता बोलता ती समोरच्या माणसालाही लावायची त्यांना सवय होती. त्यांनी पाटी उतरवली, काखेत मारली, आणि नियम समजावायला स्वतः ग-१४ पर्यंत आले. वाटेत दोनदा चुकले.

नियम साधा होता. गाळ्याची रस्त्याकडे तोंड असलेली जेवढी लांबी, त्यातल्या दर फुटामागे अर्धा चौरस फूट पाटी. औषधवाल्याचं तोंड रस्त्याकडे चाळीस फूट, त्याला वीस चौरस फूट. ग-१४ चं तोंड भिंतीकडे. इंचसाहेबांनी कॅल्क्युलेटर काढला, शून्य दाबलं, गुणिले अर्धा केलं, उत्तर बघितलं, आणि माणसाकडून चूक होऊ शकते म्हणून पुन्हा एकदा केलं.

“शून्य चौरस फूट,” ते म्हणाले. “मंजूर.”

“मंजूर म्हणजे काय मंजूर?” आत्याने विचारलं.

“शून्य चौरस फुटांची पाटी तुम्ही लावू शकता. लावू शकता म्हणजे लावलीच पाहिजे. कलम सात. प्रत्येक गाळ्यावर मंजूर मापाची पाटी बंधनकारक आहे. तुमची दिसत नाहीये.” आणि त्यांनी वहीत लिहायला घेतलं: मंजूर पाटी लावलेली नाही.

पेंटर इतका वेळ खोक्यावर बसून ब्रश पुसत होता. त्याचं डोकं तसं लवकर तापायचं, पण आज त्याला वेगळंच काहीतरी सुचलं. “लावलीय की,” तो म्हणाला. “नीट बघा साहेब. दाराच्या वर, मधोमध.”

इंचसाहेबांनी मान वर केली. बराच वेळ बघितलं. मग टेप काढली, स्टुलावर चढले, दोन्ही बाजूंनी अंतर घेतलं, ‘पाटी लावलेली नाही’ खोडून ‘पाटी मापात आढळली’ असं लिहिलं, आणि उतरताना म्हणाले, “डावीकडे थोडी कललीय. सरळ करून घ्या.”

गाळा वाचवायचा तर दुसऱ्या तपासणीच्या आत माणसं आत आली पाहिजेत, आणि माणसं यायची तर शून्यापेक्षा थोडी मोठी पाटी पाहिजे. आत्या रस्ता ओलांडून पालिकेत गेली. चार नंबरच्या खिडकीत एक बाई बसायच्या. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, म्हणजे त्या वेळात आपले कागद लावून घेतले, आणि शेवटी विचारलं, नेमकं काम काय तुमचं? आत्याने सांगितलं. बाई म्हणाल्या, मग तुमचं काम चांगलं झालं तर ते दिसतच नाही. आत्या हो म्हणाली. बाई म्हणाल्या, मग पाटी दिसायचा एवढा हट्ट का?

पण बाई वाईट नव्हत्या. त्यांनी एक सवलत अर्ज काढून दिला. तो भरला की नऊ इंच बाय सहा इंचाच्या पाटीचा विचार होऊ शकत होता. अट एकच. पाटी म्हणजे नागरिकांच्या डोळ्यांवरचा हस्तक्षेप, तेव्हा नागरिकांना आधी कळवायला हवं. त्यासाठी अर्जदाराने स्वतः जाहीर सूचना उभारायची. आठ फूट बाय चार फूट. पिवळी पार्श्वभूमी, काळी अक्षरं, अक्षर चार इंचांच्या खाली नको. मुख्य रस्त्यालगत, दोन्ही दिशांनी विनाअडथळा दिसेल अशी, आणि अंधार पडल्यावर तिच्यावर दिवा. मजकुरात अर्जदाराचं नाव, धंद्याचं स्वरूप, कामाच्या वेळा, फोन आणि जागेपर्यंत पोचायचा नकाशा. हरकती यायला तीस दिवस. निर्णय लागेपर्यंत सूचना हलवायची नाही. हलवली तर गुन्हा.

आत्याने हे दोनदा वाचलं. मग हळूच विचारलं, “बाई, ही आठ बाय चारची पाटी चालते?”

“ती पाटी नाही,” बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. “ती सूचना आहे. पाटीचे नियम पाटीला.”

पेंटरने आयुष्यात इतक्या प्रेमाने काही रंगवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी फाटकाशेजारी पिवळीधमक सूचना उभी राहिली: ‘तमाम नागरिकांस कळवण्यात येते की सदर संकुलातील ग-१४ या गाळ्यात कोट, शाल, स्वेटर व पँट यांस अदृश्य रफू करण्याचा, तसेच चेन बदलण्याचा व्यवसाय सकाळी दहा ते संध्याकाळी सात या वेळेत चालू असून, सदर गाळ्यास पाटी लावण्यास कोणाची हरकत असल्यास प्रत्यक्ष येऊन खात्री करावी.’ खाली नकाशा. पंपाची खोलीसुद्धा दाखवली होती. ‘अदृश्य’ आणि ‘प्रत्यक्ष येऊन’ या शब्दांखाली त्याने दोन-दोन रेघा मारल्या होत्या, कारण रेघांबद्दल नियमावली काही बोलत नव्हती.

पहिल्याच दिवशी एक आजोबा हरकत घ्यायला आले. त्यांची हरकत अशी नव्हती, पण निवृत्त झाल्यापासून ते सगळ्यालाच घ्यायचे. आत आले, खात्री केली, आणि बोलता बोलता त्यांच्या स्वेटरचं कोपर आत्याच्या नजरेला पडलं. ते स्वेटर काढून बनियनवर बसले. त्यांच्यामागे एक बाई कोट घेऊन, तिच्यामागे दोन बॅगांच्या चेन. आठवड्याभरात पंपाच्या खोलीपर्यंत रांग गेली. मॅनेजरला खोकी ठेवायला वाट मिळेना, म्हणून त्याला ठेवलेली खोकीही न्यावी लागली. इंचसाहेब दुसऱ्या तपासणीला आले तेव्हा गाळ्यात सात गिऱ्हाइकं होती आणि त्यांना आठवा समजून कुणीतरी म्हणालं, अहो रांगेत या. त्यांनी वहीत ‘सक्रिय’ लिहिलं.

इथं थांबलं असतं तर ठीक होतं. पण तिसाव्या दिवशी खिडकीतल्या बाईंनी आत्याला बोलावून तोंड भरून अभिनंदन केलं. एकही हरकत आली नव्हती. नऊ बाय सहा इंचांची पाटी गाळ्याच्या दारावर, आतल्या बाजूने, मंजूर. जाहीर सूचना चोवीस तासांत उतरवायची.

आत्या पालिकेच्या पायरीवरच बसली. पेंटर म्हणाला, “ताई, हरकत नाही म्हणून उतरवायची ना? मग हरकत घेऊ.”

“कोण घेणार? सगळी खूश आहेत.”

“तू घे.”

नियमावलीत ‘कोणताही बाधित नागरिक’ असं लिहिलं होतं. आत्या नागरिक होती, आणि तिच्याइतकं त्या पाटीने बाधित दुसरं कोण होतं? तिने संध्याकाळच्या आत स्वतःच्या पाटीला लेखी हरकत घेतली. कारण लिहिलं: रंग आवडला नाही.

सुनावणीला त्याच खिडकीतल्या बाई बसायच्या, फक्त चष्मा बदलायच्या. त्यांनी अर्जदार कोण विचारलं, आत्या म्हणाली मी. हरकतदार कोण विचारलं, आत्या म्हणाली मीच. बाईंनी नियमावली पुढून मागे आणि मागून पुढे चाळली. दोघं वेगळे असावेत असं कुठंच नव्हतं. तेव्हा त्यांनी शिस्तीत सांगितलं की अर्जदारांनी डावीकडच्या खुर्चीवर बसावं, हरकतदारांनी उजवीकडच्या, आणि एकमेकांचं बोलणं तोडू नये.

आत्या डावीकडे बसली. “मला पाटी पाहिजे. माझ्या पोटाचा प्रश्न आहे.”

उठून उजवीकडे बसली. “पोट सगळ्यांनाच असतं. हिच्या पाटीने तिथली शोभा जाईल.”

डावीकडे. “कसली डोंबलाची शोभा? समोर नुसती भिंत आहे.”

उजवीकडे. “मग त्या भिंतीला काय वाटेल, याचा विचार केलाय हिने?”

बाईंनी पेन वर केलं. “हरकतदारांनी भिंतीचं अधिकारपत्र आणलंय का?”

आणलं नव्हतं. मागे बसलेला पेंटर तोंडात रुमाल कोंबून हसत होता, त्याला बाहेर काढण्यात आलं. पण आत्या आता खरोखरच इरेला पेटली होती. डावीकडून ती म्हणाली की ही बया पहिल्यापासून माझ्या वाईटावर आहे. उजवीकडून म्हणाली, तोंड सांभाळ. बाईंनी दोघींना समज दिली आणि निकाल लिहिला: उभयपक्षांनी आपसात बोलून मिटवावं, अधिकारपत्र सादर करावं, पुढची तारीख तीस दिवसांनी, तोवर सूचना जागेवर राहील. घरी पोचेपर्यंत आत्या स्वतःशी एक शब्द बोलली नाही.

संकुलात एक दातांचा डॉक्टर होता. त्याची रस्त्याकडे चांगली सहा चौरस फुटांची पाटी होती. तो रोज आत्याची आठ बाय चारची दिव्याखालची सूचना बघायचा आणि त्याचे स्वतःचे दात दुखायचे. एका सकाळी त्याने आपली पाटी उतरवली आणि सवलतीचा अर्ज टाकला. दुपारी स्वतःवर हरकत घेतली. त्याच्या सूचनेत दाढेचं चित्र होतं, ‘हस्तक्षेपाचं स्वरूप समजावं म्हणून’. मग औषधवाला. मग व्यायामशाळा, तिने सूचनेत दंड दाखवले. मग क्लासवाला, त्याने हरकतीसाठी येणाऱ्या पहिल्या पन्नास नागरिकांना वही मोफत ठेवली. महिन्याभरात सव्वीस दुकानांच्या सव्वीस सूचना झाल्या. जमिनीलगत जागा संपली तशा त्या एकीवर एक चढल्या, कारण ‘रस्त्यालगत’ म्हटलं होतं, किती उंच ते म्हटलं नव्हतं.

पहिल्या तीन मजल्यांच्या खिडक्या बंद झाल्या. तिथली माणसं भर दुपारी ट्यूब लावून बसायची आणि खिडकीतून त्यांना लाकडाच्या पट्ट्या दिसायच्या. संकुलाचं नाव झाकलं गेलं. मग फाटक झाकलं गेलं, तेव्हा मॅनेजरने रीतसर सत्ताविसावी सूचना लावली: प्रवेशद्वार या सूचनेच्या मागे आहे.

रहिवासी खवळले. खवळून त्यांनी काय केलं, तर हरकती घेतल्या. एकेका सूचनेवर पंधरा-पंधरा. प्रत्येक हरकतीला सुनावणी, प्रत्येक सुनावणीला तीस दिवस, तोवर सूचना जागेवर. जितका राग जास्त तितकी सूचना पक्की. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ इतके चिडले होते की त्यांच्यामुळे दाढेची सूचना पुढच्या वर्षापर्यंत सुरक्षित झाली. डॉक्टर त्यांना वाटेत भेटले की वाकून नमस्कार करायचे.

आणि या सगळ्या पिवळ्यात आत्याची सूचना खाली, उजव्या कोपऱ्यात, दंडांच्या आड गेली. रांग आटली. गाळ्यात पुन्हा पहिलं खोकं आलं.

शेवटी रहिवाशांनी पालिकेत धडक मारली, आत्या आणि पेंटरही मागे उभे राहिले. सगळ्यांचं एकच म्हणणं होतं की ही नियमावली केली कुणी, कुणाला विचारून केली. खिडकीतल्या बाईंनी चष्मा बदलला आणि शांतपणे एक फाइल काढली. नियमावली चार वर्षांपूर्वीची. मंजुरीआधी जाहीर सूचना याच कोपऱ्यावर, तीस दिवस. आलेल्या हरकती: निरंक. सोबत पुराव्याचा फोटो.

फोटो हातोहात फिरला. पिवळी सूचना, आठ बाय चार. तिच्यासमोरून चाललेली माणसं, त्यातली पाच-सहा आत्ता याच खोलीत ओरडत होती. सूचनेच्या सावलीत स्टूल टाकून एक बाई कोटाला रफू करत होती. आत्याने फोटो जवळ घेतला, लांब धरला. तीच होती. तिला आठवलं, त्या महिन्यात ऊन फार होतं आणि ती सावली फार बरी वाटली होती. महिना संपून सूचना उतरवली तेव्हा तिला वाईटसुद्धा वाटलं होतं. सूचनेच्या शेजारी शिडी होती. शिडीवर पेंटर होता, शेवटची ओळ भरत.

“तू लिहिलीस?” आत्याने विचारलं. “अख्खी नियमावली?”

“मी अक्षरं काढतो, ताई,” पेंटर पुटपुटला. “वाचत बसलो तर काम कधी व्हायचं?”

मग बाई म्हणाल्या की पालिकेला नागरिकांच्या भावना कळल्या आहेत आणि ती दुरुस्ती करणार आहे. मुळाशी गेलं तर त्रास कुठून सुरू झाला? ज्या गाळ्याला रस्त्याकडे तोंड नाही, त्याने पाटी मागितली तिथून. म्हणजे असा गाळाच नसला की प्रश्नच नाही. दुरुस्ती अशी: रस्त्याकडची लांबी शून्य असलेला गाळा यापुढे ‘साठवण’ समजावा आणि व्यवस्थापनाकडे सोपवावा. बाकीच्यांच्या जुन्या पाट्या परत लागतील, पिवळ्या सूचना उतरतील. संकुलात शून्य लांबीचे गाळे किती, असं कुणीतरी विचारलं. बाई म्हणाल्या, एक. रहिवाशांनी टाळ्या वाजवल्या. आत्याच्या शेजारी उभ्या असलेल्या आजोबांनीही वाजवल्या, आणि वाजवताना त्यांच्या स्वेटरचं कोपर जराही उसवलं नाही.

दुरुस्ती म्हटल्यावर तिचीही जाहीर सूचना आलीच. तीस दिवस. दहा हरकती आल्या तर दुरुस्ती रद्द, नाहीतर तिसाव्या दिवशी पाच वाजता, खिडकी बंद होताना, लागू. या वेळी आत्याने सूचना वाचली. पहिल्या शब्दापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत, कमरेवर हात ठेवून, तीनदा. हरकत कुणाला घेता येणार नाही तेही बारीक अक्षरात होतं. स्वतःच्या बाबीत स्वतःला नाही, हे कलम दोन खुर्च्यांच्या सुनावणीनंतर खास घातलं होतं. नातेवाइकांना नाही, म्हणजे पेंटर गेला. अर्ज पडून असलेल्या दुकानदारांना नाही. आणि एका नागरिकाला वर्षात एकच हरकत, म्हणजे रहिवासी सगळे खर्च झाले होते. उरले कोण, तर रस्त्याने जाणारे.

आत्या स्टूल घेऊन फाटकाशी बसली. हातात छापील अर्ज, पेंटरच्या हातात पेन. माणसं थांबायची नाहीत असं नाही. एकाने विचारलं, काय विकताय? एकाने सूचनेचा फोटो काढला आणि सगळ्यांना पाठवतो म्हणाला. एक बाई म्हणाल्या, सही करते पण वाचायला लावू नका. एक जण वाचून बघतो म्हणाला आणि अर्जच घेऊन गेला. तरी बावीस दिवसांत सहा सह्या झाल्या, सत्ताविसाव्याला आठ. नववी तिसाव्या दिवशी दुपारी, पार्सल पोचवणाऱ्या एका बाईची. ती म्हणाली की ती खोकी तिथंच टाकते, पण तिथं कुणी बसून काम करतं हे तिला माहीत नव्हतं.

साडेचारला एक गृहस्थ थांबले. पन्नाशीचे, काखेत पुस्तक, चेहऱ्यावर वाचणाऱ्या माणसाचा मोकळेपणा. त्यांनी स्वतःहून विचारलं, काय भानगड आहे ही? पेंटरने पेन पुढे केलं. ते म्हणाले, आधी सगळं सांगा.

आत्याने सांगितलं. शून्य चौरस फुटांची पाटी डावीकडे कललेली होती हे ऐकून ते इतके हसले की त्यांना भिंतीला टेकावं लागलं. भिंतीच्या अधिकारपत्राला त्यांनी डोळे पुसले. मग पुढं, म्हणाले. आत्याने दाढ सांगितली, दंड सांगितले, झाकलेलं फाटक सांगितलं. फोटोच्या वेळी ते गंभीर झाले. मान हलवून म्हणाले की आपल्या लोकांना कशाचं काही पडलेलंच नाही, हेच दुखणं आहे. आत्या म्हणाली, हो ना. पेंटरने पेनाचं टोपण काढून पेन त्यांच्या बोटांत दिलं.

त्यांनी ते धरलं. अर्जावर नजर टाकली. मग सूचनेकडे वळले, कारण न वाचता सही करणाऱ्यातले ते नव्हते, असं त्यांनीच सांगितलं. ते नीट वाचू लागले. एका शब्दापाशी थांबून, किती वाईट भाषा लिहितात हो हे, असं म्हणाले. पेंटर दातओठ खात रस्त्यापलीकडे बघत होता. तिथं चार नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी चष्मा काढून डबीत ठेवला, हात वर केला, आणि शटर खाली आलं.

गृहस्थांनी पेन टोपण लावून परत दिलं. “फार मजा आली,” ते मनापासून म्हणाले. “काय छान सांगता तुम्ही. हे कुणीतरी लिहायला पाहिजे. दुकान कुठं म्हणालात तुमचं? एकदा येऊन जाईन.”

“आत आहे,” आत्या म्हणाली. मग तिने रस्त्यापलीकडे एकदा बघितलं. “म्हणजे, तुम्ही हसत होतात तोवर होतं.”